डोंग्याची घरगुती औषधं

आमच्या घरी हळदीचे दोन डबे असत. एक आईच्या हाताशी, शेगडीजवळच्या फळीवर. दुसरा मागच्या पडवीत, रॉकेलच्या कॅनशेजारी. पाहुण्या बायका विचारत, हळद इथं काहून ठेवली, तर आई शांतपणे सांगे, "ते आमच्या यांच्या गाडीची हाय. तिले मधून मधून गळती लागते." रेडिएटरला बारीक छिद्र पडलं की बाबा त्यात दोन चमचे हळद टाकत, इंजिन चालू ठेवत, आणि थोड्या वेळानं गळती थांबे. हळद पाण्यात फुगते आणि छिद्रात जाऊन बसते, एवढंच त्यातलं शास्त्र. आता माझ्या मामेबहिणीचा मुलगा मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ दाखवतो. जुन्या शर्यतीच्या गाड्या घरच्या घरी कशा सांभाळाव्या हे ते लोक हसत हसत सांगत असतात. भाचा कौतुकानं विचारतो, "मावशी, तुला हे माहीत होतं?" माहीत होतं. नवल एवढंच वाटतं की त्यांच्यापैकी कुणीच हळद वापरत नाही.

आमची गाडी इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, लांब नाकाची आणि बिनटपाची. म्हणजे कॅनव्हासचा टप होता, पण तो उभा करायला इतका वेळ लागे की तेवढ्यात पाऊस थांबून जाई. उमरेडकडच्या एका खाणीचा साहेब मायदेशी जाताना ती मागे टाकून गेला होता. बाबांच्या हाती आली तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बाबा नागपूरच्या गांधीबागेत दवाखाना चालवणारे साधे डॉक्टर; कापडाच्या दुकानांतले नोकर, हमाल, विणकर आणि त्यांची बायकामुलं हे त्यांचे रोगी. अशा डॉक्टरानं फार तर स्कूटर ठेवावी असं आमच्या तमाम नातेवाइकांचं मत होतं. धंतोलीतल्या आमच्या गल्लीनं गाडीचं नाव 'डॉक्टरचा डोंगा' ठेवलं. डोंगा म्हणजे आमच्याकडे लहानशी नाव, आणि वरून उघडी ती गाडी खरंच तशी दिसे. पुढे घरातही तेच नाव रुळलं.

डोंग्याचे सुटे भाग नागपुरात मिळत नसत. बर्डीच्या बाजारातला मोटारीच्या सामानाचा दुकानदार नुसतं नाव ऐकून हात जोडी. त्यामुळे जे करायचं ते घरातल्या वस्तूंनी, आणि घरातल्या वस्तू म्हणजे आईच्या वस्तू. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा बाबांनी आईच्या जुन्या साडीचा काठ पिळून, गाठ मारून पुलीवर चढवला आणि आम्ही रामटेकहून घरी आलो. पेट्रोलची टाकी ठिबकू लागली की कपड्यांचा पिवळा साबण ओला करून छिद्रावर घासायचा. साबण पेट्रोलात विरघळत नाही. कार्बोरेटरच्या नळकांड्यात शिवणयंत्राचं तेल, डॅशबोर्डाच्या लाकडाला जवसाचं, पितळी झाकणाला चिंच, आणि हाताच्या ग्रीसला संत्र्याची सालं नि बेसन. दाराची चौकट वाळवीनं खाल्ली तेव्हा लकडगंजातून सागाची पट्टी आणून मी आणि बाबांनी ती तासून बसवली. मे महिन्यात डोंगा भर रस्त्यात रुसून बसे, कारण पेट्रोल नळीतच उकळायला लागे. त्यावर इलाज म्हणजे पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि नळीला ओळीनं कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचे. चिमटे उष्णता ओढून घेतात असं बाबा म्हणत. ते ओढून घेत की नाही ठाऊक नाही, पण बिनचिमट्याच्या साड्या उडून शेजाऱ्यांच्या गच्चीवर जात आणि त्या आणायला मला जावं लागे.

रविवारची सकाळ डोंग्याची. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच खिडकी होती, तिच्यातून आईची फोडणी बाहेर येई आणि पेट्रोलचा वास आत जाई. रविवारी हमखास गोळाभात असे. भातात शिजलेले डाळीचे गोळे कुस्करून त्यावर कडकडीत तेल ओतलं की जो चर्र आवाज होई तो ऐकून बाबा पाना खाली ठेवत. ते तेल तापवायचं लोखंडी कढलं त्यांनी एकदा शिसं वितळवायला नेलं. आईनं ते परत घेतलं नाही. म्हणाली, "आता याच्यातच तुमच्या डोंग्याले फोडणी देत जा." मी एकुलती एक. मुलगा असता तर बाबांनी त्याला शिकवलं असतं, असं लोक म्हणत. मुलगा नव्हता आणि मी समोर होते, म्हणून त्यांनी मला शिकवलं. बर्डीवरच्या कॉलेजात जायला लागले तोवर मला डोंगा चालवता येत होता आणि उघडता येत होता. साडीचा पदर पंख्यात जाऊ नये म्हणून कसा खोचायचा, हे मात्र आईनं शिकवलं.

सगळ्यात नाजूक काम दोन कार्बोरेटर जुळवायचं. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक, तिथून हवा आत जाते. डोंग्याला अशी दोन नाकं होती, एक पुढे, एक मागे, आणि दोघांनी सारखी हवा ओढली तरच इंजिन सुरळीत चाले. हवा ओढताना स्स् असा आवाज येतो. बाकीचे लोक एक रबरी नळी कानाला लावून आधी इकडचा, मग तिकडचा आवाज ऐकतात. बाबांना ते मान्य नव्हतं. दुसरा ऐकेपर्यंत पहिला लक्षात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एक जुना स्टेथोस्कोप घेतला, छातीला लावायची चकती काढून टाकली, दोन्ही कानांच्या नळ्या वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीला सलाइनची नळी जोडून लांब केलं. डाव्या कानाची नळी मागच्या कार्बोरेटरशी, उजव्या कानाची पुढच्याशी. मग इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, ते दोन्ही स्क्रू केसभर इकडे तिकडे फिरवत आणि दोन्ही कानांत सारखा आवाज आला की थांबत. "देवानं दोन कान कशाला दिले?" असं येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत. या शोधाचा त्यांना डॉक्टरकीच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता, आणि खरं सांगते, तो बरोबरच होता.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना डोंगा बिघडला, आणि कशानं ते कळेना. उभा असताना थरथरे, सेमिनरी हिल्सच्या चढावर धापा टाकी. बाबांनी प्लग बदलले. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं मोजून पुन्हा बसवलं. पेट्रोल फडक्यातून गाळलं. प्रत्येक इलाजानंतर शेवटी स्टेथोस्कोप लावून कार्बोरेटर जुळवत, डोळे उघडत, मान हलवत, "सारखे आहेत." आणि इंजिन आणखीच थरथरे. मला एक गोष्ट खटकत होती, पण ती विचित्र वाटल्यानं मी बोलत नव्हते. जुळवण्याच्या आधी डोंगा जरा बरा चाले, जुळवल्यावर वाईट. औषधानं रोग वाढावा तसं चाललं होतं.

एका रविवारी जुळवणी चालू असतानाच पुढच्या दारी कुणीतरी पोट दुखणारं पोर घेऊन आलं. बाबा स्टेथोस्कोप बॉनेटवर ठेवून गेले. इंजिन चालूच होतं. मी सहज नळ्या कानाला लावल्या. डावीकडे वादळासारखा आवाज, उजवीकडे जेमतेम फुसफुस. मला वाटलं काम अर्धवट राहिलंय. मी मागचा स्क्रू हळूहळू आवळत गेले, दोन्ही आवाज सारखे झाले, आणि कित्येक महिन्यांत नव्हता इतका डोंगा शांत झाला. बाबा परत आले ते दारातूनच ओरडले, "जमलं का गं! काय केलंस?" त्यांचा चेहरा फुलला होता. मग खात्री करायला त्यांनी नळ्या कानाला लावल्या. कपाळावर आठी आली. "छे, मागच्याचा आवाज पार बसलाय," म्हणाले, आणि त्यांनी मागचा स्क्रू सैल करायला सुरुवात केली. डोंगा थरथरू लागला. बाबा डोळे मिटून फिरवत राहिले, आणि दोन्ही सारखे झाले तेव्हा थांबले. मला कळलं. 

"बाबा," मी म्हटलं, "नळ्या उलट्या लावा."

"काहून?"

"लावून तर पाहा. उजवी डावीकडे."

त्यांनी स्टेथोस्कोप फिरवून घातला. ऐकलं. पुन्हा काढला, सरळ घातला, ऐकलं, पुन्हा उलटा. जो कार्बोरेटर डाव्या कानाकडे येई त्याचाच आवाज बसलेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रोगाचं निदान केलेला माणूस. त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी वाकून इंजिन बंद केलं. आतून तेलाचा चर्र आवाज आला, आईनं जेवायला हाक मारली, आणि ते माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "आईला सांगू नको."

कानाचं दुखणं इतकं हळू आलं होतं की कुणालाच पत्ता लागला नव्हता. डोंग्यात बसून सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे ऐकू न येणं ही तिथली रीतच होती. बाबांना स्वतःच्या कानाची भीती नव्हती. भीती होती ती दवाखान्याची. गांधीबागेत तेव्हा छातीचा फोटो काढायला कुणी उठून जात नसे. डॉक्टरनं पाठीला नळी लावून जे सांगितलं तेच खरं. कॉलेज सुटल्यावर मी दवाखान्यातल्या बाकावर बसून बाबांसाठी थांबे, कारण आम्ही बरोबर घरी जात असू. त्या दिवसांत मी पाहिलं की ते एकेक छाती तीन तीनदा ऐकत. साध्या सर्दीच्या पोरांना मोठ्या इस्पितळात पाठवू लागले. एक विणकरीण चिडून म्हणालीही, "डॉक्टर, दिवसाची मजुरी बुडवून गेलो, तं तिथल्या डॉक्टरनं हाकलून लावलं. पोराले काहीच नव्हतं. तुमी काहून घाबरून राहिले?"  रोग्यांशी रोग्यांच्याच बोलीत तासन्‌तास गप्पा मारणारे बाबा तिच्याकडे नुसते पाहत राहिले, हे मला फार लागलं.

त्याच संध्याकाळी घरी जाताना त्यांनी गाडी चालवता चालवता काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी ओरडून उत्तर दिलं. वाटेतल्या शुक्रवारी नावाच्या तलावाच्या कठड्याशी त्यांनी डोंगा थांबवला, उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "तू चालव. मला इकडे बसू दे." तेव्हा कुठे त्यांचा चांगला कान माझ्याकडे झाला. मी गाडी सुरू केली नाही. माणसं फुटाणे खात फिरत होती, दोन पोरं डोंग्याच्या दिव्यात स्वतःचं तोंड पाहत होती. बाबा म्हणाले, "समजा, एखाद्याच्या छातीत खरखर आहे आणि मला नाही आली ऐकू. मग?"

"उजव्या कानानं येते ना."

"येते. आज येते. पण मला आता खात्री वाटत नाही विजू. इतके महिने मी चांगली गाडी बिघडवत होतो आणि मला वाटत होतं मी दुरुस्त करून राहिलोय."

मी गाडी सुरू केली. त्यावर म्हणायला आता या वयात मला पुष्कळ सुचतं, पण ते ऐकायला ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. ते त्यांचे कॉलेजातले सोबती. डावा बराचसा गेलाय, परत येणार नाही. उजवा अगदी ठणठणीत आहे, असं निघालं. स्टेथोस्कोपला एक कानही पुरतो, म्हणाले. वर मैत्रीचा सल्लाही दिला, "रोग्यांना कशाला सांगतोस? उगाच बिथरतील. चालव तसंच." बाबा घरी येऊन खुर्चीत बसले, आणि आईनं चहा पुढे करत काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. आई आधी ऐकत राहिली. मग तिचा आवाज चढला.

"म्हणजे तुमाले ऐकूच येत नव्हतं?"

"डाव्या बाजूनं नाही."

"डोंग्यात मी बसतो कोण्या बाजूनं?" आई वर्ध्याकडची, रागावली की माहेरची बोली पुरती बाहेर येई. "अवो, मी बोलत राहो अन् तुमी सरळ समोर पाहत राहा. मले वाटे, याईले माह्या बोलण्याचा कंटाळा आला. म्हणून तं मी येणं सोडलं तुमच्यासंगं. अन् तुमी म्हणता कान!" ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. मी आईला बाबांच्या खांद्यावर चापट मारताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी मित्राचा सल्ला सांगितला तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, "त्याले काय अक्कल हाय? जे मले वाटलं तेच लोकाईले वाटन. डॉक्टरले गर्व झाला, डॉक्टर आता गरिबाचं ऐकत नाही. त्यापरीस सांगून टाका ना."

"आणि नाही आले तर?"

"तं नाही आले," आई म्हणाली. 

सकाळी मी कॉलेज बुडवून बाबांबरोबर गेले. त्यांनी मला अडवलं नाही. दवाखान्यात त्यांच्या टेबलाच्या डाव्या हाताला रोग्याचं स्टूल असे, वर्षानुवर्षं त्याच जागी असल्यानं फरशीवर त्याच्या पायांचे वण पडले होते. बाबांनी ते उचललं आणि उजवीकडे ठेवलं. बाक भरले होते. नेहमीचा गलका होता: पोरांची रडारड, भावताव केल्यासारख्या गप्पा, बाहेर हातगाडीवाल्यांची भांडणं. बाबा उभे राहिले. त्यांना उभं राहून बोलायची सवय नव्हती.

"ऐका," ते म्हणाले. "माहा डावा कान गेला. उजवा चांगला हाय, कानाच्या डॉक्टरले दाखवलं. पण तुमच्यापासून लपवाचं नाही. ज्याले दुसऱ्या डॉक्टरकडं जावंसं वाटन त्यानं जा, मी राग मानणार नाही."

एक माणूस लगेच उठला आणि चपला घालून गेला. मग कडेवर मूल असलेली एक बाई, जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिसरा कोण उठतो याकडे सगळे पाहत होते, मीही. उठली ती एक म्हातारी. कापडाच्या दुकानांमधून चिंध्या गोळा करून गोधड्या शिवणारी, बाबांची जुनी रोगी. ती दाराकडे गेली नाही. तिनं नवीन जागचं स्टूल आणखी पुढे ओढलं, त्यावर बसली, आणि बाबांच्या उजव्या कानाला तोंड लावून सगळ्या ताकदीनिशी ओरडली, "मले खोकला हाय गा डॉक्टर!"

बाबा जागच्या जागी उडाले. "अवो बाई, हळू! हा एकच राह्यला हाय."

सगळा दवाखाना हसला. बाबाही हसले, आणि मला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. मग त्यांनी स्टेथोस्कोप काढला, तिच्या पाठीला लावला आणि श्वास घ्यायला सांगितलं. त्यांची मान किंचित झुकली. कुणीतरी पोराच्या तोंडावर हात ठेवला. दाराशी बसलेल्या हमालानं बाहेरच्या हातगाडीवाल्यांना हातानंच गप्प बसायची खूण केली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. खोकला झाला म्हणून सकाळपासून येऊन बसलेली ती सगळी माणसं, म्हातारीचा श्वास ऐकून होईपर्यंत, आपापला खोकला पदरात नि रुमालात दाबून बसली.